मारिओचं नाव मारिओच का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न (गोवा स्पेशल)

गोव्यात मारिओ हे नाव काय कुणाला नवीन नाही. साष्टीत गेलात तर एखाद्या वाड्यावर दोन मारिओ भेटतील, एक गॅरेजवाला आणि एक बँकेत. त्यामुळे गेममधल्या लाल टोपीच्या मिशीवाल्या मारिओबद्दल आमच्याकडची पोरं जे प्रश्न विचारतात ते पुण्यामुंबईच्या पोरांना पडतच नाहीत, आणि पोरांपेक्षा त्यांचे आईबाबा जास्त विचारतात, कारण लहानपणी टीव्हीला लावायचा गेम आणि ती पिवळी कॅसेट फुंकर मारून मारून त्यांनीच तर चालवलीय. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

सुरुवातीलाच एक सांगतो. नावाचा अर्थ काय हा एक प्रश्न आणि ते नाव या पात्राला का मिळालं हा वेगळा प्रश्न. लोक दोन्हींची सरमिसळ करतात आणि मग भलभलत्या थिअऱ्या निघतात.

मारिओ या नावाचा अर्थ काय?

मूळ नाव लॅटिन, मारिउस. प्राचीन रोममधल्या एका घराण्याचं नाव होतं ते, आपल्याकडच्या आडनावासारखंच म्हणा. त्यातला सगळ्यात गाजलेला माणूस म्हणजे गायुस मारिउस, रोमचा सेनापती, सात वेळा कॉन्सल म्हणजे तिथला सर्वोच्च पदाधिकारी झाला. तिथून इटालियनमध्ये मारिओ झालं, पोर्तुगीजमध्येही तेच नाव, फक्त शेवटचा ओ तोंडात उ होतो, मारिउ. आपल्या इथली जुनी पोर्तुगीज शिकलेली माणसं अजूनही तसंच म्हणतात, ऐकून बघा.

आता अर्थ. याबद्दल दोन मतं चालतात. एक, मार्स म्हणजे रोमन युद्धदेव, त्याच्यावरून. दुसरं, लॅटिनमध्ये पुरुषाला जो शब्द आहे, मास, त्याची रूपं मारिस वगैरे होतात, त्यावरून. छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. नेटवर 'मारिओ म्हणजे योद्धा' असं एका ओळीत लिहिलेलं असतं ना, ते बाळांच्या नावांच्या वेबसाइटवरचं ज्ञान, जरा बेतानेच घ्यायचं.

पण मारिओ म्हणजे मारियाचं पुल्लिंगी रूप ना? आमचे शेजारी तसंच सांगतात

मुळात नाही. मारिया हे नाव हिब्रूतल्या मिर्यामवरून आलं, मारिओ रोमन घराण्यावरून. दोन वेगळ्या गावच्या नद्या, पुढे एकत्र वाहायला लागल्या एवढंच. पण तुमचे शेजारी चुकले असंही मी म्हणणार नाही, कारण ख्रिस्ती जगात शेकडो वर्षं लोकांनी ती जोडी मानलीय, आणि सायबिणीच्या म्हणजे मेरीमातेच्या नावाने मुलाचं नाव ठेवायचं म्हणून कुणी मारिओ ठेवलं असेल तर त्या घरापुरता त्या नावाचा अर्थ तोच. त्यांना जाऊन रोमन इतिहास सांगू नका, फेस्ताला जेवायला बोलवायचे नाहीत. शिवाय मारिउस नावाचा एक संतही आहे, त्याचा दिवस १९ जानेवारी, म्हणजे मारियाशिवायसुद्धा या नावाची चर्चमध्ये स्वतःची जागा आहेच.

मग निन्टेंडोने, म्हणजे गेम काढणाऱ्या जपानी कंपनीने, युद्धदेव वगैरे बघूनच नाव ठेवलं असणार!

अजिबात नाही. इथेच तर सगळी गंमत आहे. नाव आलं एका गोदामाच्या मालकावरून.

झालं असं. १९८० साली निन्टेंडोने अमेरिकेत रडार स्कोप नावाच्या आर्केड मशीन, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या, मागवल्या, जवळजवळ तीन हजार, आणि त्यातल्या दोनेक हजार पडून राहिल्या. कंपनीची अमेरिकन शाखा तेव्हा अगदी छोटी, चालवणारा मिनोरू अराकावा, जपानमधल्या मोठ्या साहेबांचा म्हणजे हिरोशी यामाउचींचा जावई. सासऱ्याचा पैसा अडकलेला, मशीन धूळ खातायत, अवस्था काय झाली असेल विचार करा. तर त्याने जपानला कळवलं की याच मशीनमध्ये बसेल असा दुसरा गेम करून द्या. काम गेलं शिगेरू मियामोतो नावाच्या तरुण डिझायनरकडे, ज्याने तोवर एकही पूर्ण गेम स्वतः बनवलेला नव्हता, आणि त्याने केला डॉन्की काँग, बाईला उचलून नेणाऱ्या गोरिलाचा गेम. १९८१ साल.

गेम अमेरिकेत आला तेव्हा पात्रांना तिथल्या लोकांना पटतील अशी नावं हवी होती. सिअ‍ॅटलजवळ टकविला नावाचं गाव आहे, तिथे निन्टेंडोचं भाड्याचं गोदाम होतं, तिथेच बसून ही मंडळी जुन्या मशीन उघडून नवीन गेम बसवत होती. त्या जागेचा मालक इटालियन वंशाचा बिल्डर, नाव मारिओ सेगाले. झालं, गेममधल्या उड्या मारणाऱ्या बुटक्या हीरोला त्याचं नाव चिकटलं. युद्धदेव नाही, रोम नाही, काही नाही. घरमालक!

सेगाले थकलेलं भाडं मागायला आला, भांडला, आणि तिथल्या तिथे नाव पडलं, हे खरं का?

ही कथा सगळ्यात जास्त फिरते. मालक तणतणत आत येतो, सगळ्यांसमोर अराकावाला झापतो, भाडं मिळेल असं वचन घेऊन निघून जातो आणि मागे राहिलेले लोक म्हणतात, अरे आपला हीरो हाच की! ऐकायला एकदम सिनेमासारखी आहे आणि म्हणूनच मला जरा जास्तच शिजवलेली वाटते. दुसरी हकीकत डॉन जेम्सची, हा त्याच गोदामाचा मॅनेजर होता. त्याचं म्हणणं असं की मालक कधी कुणाला दिसायचाच नाही, म्हणून त्याचं नाव द्यायची गंमत त्याला आणि अराकावाला सुचली. आता बघा, एका कथेत मालक सगळ्यांसमोर ओरडतोय आणि दुसरीत तो कुणाला दिसतच नाही! दोन्ही एकदम खऱ्या कशा असणार? मी डॉन जेम्सच्या बाजूने, कारण तो तिथे हजर होता आणि त्याच्या कथेत कुणी मोठं होत नाही. पण नाव सेगालेवरून आलं यावर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत आहे, मियामोतोही सांगतो की नाव अमेरिकेच्या ऑफिसमधून आलं.

सेगालेला स्वतःला ही प्रसिद्धी फारशी आवडायची नाही. माझ्या रॉयल्टीचे चेक अजून यायचेत, असं तो एकदा एका पेपरवाल्याला गमतीत म्हणाला होता. २७ ऑक्टोबर २०१८ ला वारला, ८४ वर्षांचा होता.

त्याआधी त्याला नाव नव्हतं का?

होतं की. इंग्रजीत जम्पमॅन, उडी मारणारा तो जम्पमॅन, वॉकमन आणि पॅकमॅनचा काळ तो, नाव कसं सुचलं ते सांगायला नको. जपानमध्ये मियामोतो त्याला नुसतं 'ओस्सान' म्हणायचा, म्हणजे आपल्याकडे ओळख नसलेल्या मध्यमवयीन माणसाला काका म्हणतात तसं. आणि मिस्टर व्हिडिओ असंही एक नाव त्याच्या डोक्यात होतं, कारण हाच माणूस आपल्या प्रत्येक गेममध्ये कुठे ना कुठे टाकायचा असा त्याचा विचार होता.

कल्पना करा, मिस्टर व्हिडिओ! आज कुणाला आठवला असता का? मारिओ हे अधिकृत नाव गेममध्ये पक्कं झालं १९८२ च्या डॉन्की काँग ज्युनियरमध्ये, आणि गंमत म्हणजे त्या गेममध्ये तो व्हिलन आहे, माकडाला पिंजऱ्यात घालून बसलेला.

गेममधला मारिओ आणि आमचे मारियो मिरांडा, काही संबंध?

नाही हो. हा प्रश्न गोव्याबाहेर कुणीही विचारणार नाही, पण इथे हमखास येतो, आणि येणारच, कारण आपल्याकडे नुसतं मारियो म्हटलं की पहिलं डोळ्यासमोर काय येतं, तर लोटलीचे मारियो मिरांडा, त्यांची ती गच्च भरलेली चित्रं, मोठ्या डोळ्यांच्या बायका, पाद्री, कुत्रे, बारमध्ये बसलेली माणसं. त्यांचा जन्म १९२६ चा, दमणमध्ये. पूर्ण नाव मारियो जुआंव कार्लुस दु रोझारियु द ब्रितु मिरांडा, शाळेच्या दाखल्यावर कसं बसवलं असेल देव जाणे. डॉन्की काँग आला तोवर त्यांना चित्रं छापून तीसेक वर्षं होत आलेली. २०११ च्या डिसेंबरमध्ये ते गेले, २०१२ ला मरणोत्तर पद्मविभूषण.

संबंध असेल तर एवढाच की दोघांचं नाव त्याच लॅटिन मुळातून, एक पोर्तुगालमार्गे गोव्यात आलं, दुसरं इटलीमार्गे अमेरिकेत आणि तिथून जपानी गेममध्ये. आणि हो, मिरांडांचे फोटो बघितलेत तर मिशी होतीच.

मारिओ म्हणजे मारुती, असं आमच्या वर्गात सगळे म्हणायचे

आमच्याही! आणि मान्य करायला पाहिजे, थिअरी फार सुंदर आहे. उड्या मारतो. अंगापेक्षा ताकद जास्त. राजकन्येला पळवून नेलेलं आहे, राक्षसाच्या किल्ल्यात जाऊन तिला सोडवायचं आहे, मध्ये आग आहे, पाणी आहे, सोबत भाऊ आहे. फोंड्याच्या, डिचोलीच्या कुठल्याही पोराला हे बघून दुसरं काय सुचणार? पण मग नीट बघितलं तर सगळे दुवे ओढूनताणून आहेत, भाऊ बरोबर असला तर तो राम होतो आणि उडी मारली तर मारुती, एकाच माणसाला सोयीप्रमाणे दोन पात्रं वाटलेली.

शब्दाचं म्हणाल तर मारुती हा मरुत् म्हणजे वाऱ्यावरून. आता एक मजा सांगतो, जुन्या काळी काही युरोपियन भाषाभ्यासकांनी वेदातले मरुत् आणि रोमचा मार्स एकाच मुळाचे असं जोडून पाहिलं होतं. आज बहुतेक अभ्यासक ते मानत नाहीत. पण समजा मानलं तरी काय, टकविलाच्या गोदामातल्या माणसांना ना मार्स माहीत होता नावामागे, ना मरुत्. म्हणून म्हणतो, अर्थ आणि कारण वेगळं ठेवा.

मारिओचं आडनाव काय?

मारिओ. हसू नका. १९९३ मध्ये हॉलिवूडने या गेमवर सिनेमा काढला, त्यात दोघा भावांना मारिओ ब्रदर्स म्हणतात म्हणून आडनाव मारिओ धरलं, म्हणजे एक मारिओ मारिओ आणि दुसरा लुईजी मारिओ. मध्ये बरीच वर्षं कंपनीकडून आडनाव नाही असंच ऐकू यायचं. मग २०१५ ला सुपर मारिओ ब्रदर्सला तीस वर्षं झाली तेव्हा मियामोतोनेच सांगून टाकलं की पूर्ण नाव मारिओ मारिओ.

लुईजी नावाचं काय?

इथे थोडं सावकाश जाऊ, कारण लुईजीबद्दल दोन कथा आहेत आणि दोन्ही लोकांना फार आवडतात. पहिली, निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या ऑफिसजवळ मारिओ अँड लुईजीज नावाचं पिझ्झाचं दुकान होतं, तिथून नाव उचललं असं सांगतात. दुसरी, जपानी भाषेत 'रुइजी' म्हणजे सारखा, साधर्म्य असलेला. आणि लुईजी जपानीत म्हणायचा झाला तर रुइजी असाच निघतो, कारण ल आणि र त्यांच्याकडे वेगळे नाहीत. १९८३ च्या मारिओ ब्रदर्समध्ये लुईजी म्हणजे काय, तोच मारिओ, फक्त रंग बदललेला, मशीनमध्ये जागाच नव्हती नवीन चित्राला! त्यामुळे ही कोटी इतकी चपखल बसते की कुणी मुद्दाम केली नसेल तर नवलच. मला वाटतं इटालियन नावाला जोडीला इटालियन नाव हवं होतं, ते मिळालं आणि जपानी ऑफिसात ऐकल्यावर सगळे हसले असतील. असं होतं बऱ्याचदा.

अर्थ विचाराल तर लुईजी म्हणजेच आपल्याकडचा लुईस. फ्रेंच लुई, जर्मन लुडविग, सगळी एकच. मूळ जर्मानिक, पहिला भाग प्रसिद्ध, दुसरा भाग युद्ध. म्हणजे मार्सवालं मत धरलं तर दोन्ही भावांच्या नावात लढाई आहे, आणि एक भाऊ भुताला बघून थरथर कापतो. कुणी ठरवून केलेलं नाही, पण छान आहे.

आणखी एक. तिसऱ्या गेममध्ये जी सात खट्याळ कासवं आहेत त्यातल्या एकाचं इंग्रजी नाव लुडविग फॉन कूपा, बेथोवेनवरून. म्हणजे लुईजी आणि त्याचा हा शत्रू एकमेकांचे नावबंधू!

वारिओ आणि वालुईजी हे टायपिंग मिस्टेक आहेत का?

नाही, पण शंका रास्त आहे. जपानीत 'वारुइ' म्हणजे वाईट. वारुइ अधिक मारिओ, वारिओ. पहिल्यांदा आला १९९२ मध्ये, सुपर मारिओ लँडच्या दुसऱ्या भागात. वरून इंग्रजी एम उलटा केला की डब्ल्यू होतो, त्यामुळे टोपीवरचं अक्षरसुद्धा फुकटात मिळालं. एवढं जमून आलेलं नाव गेमच्या जगात दुसरं नाही असं माझं स्पष्ट मत.

वालुईजी २००० च्या मारिओ टेनिसमध्ये आला, वारिओला पार्टनर पाहिजे म्हणून. इथे इंग्रजीत काहीच जमत नाही, टोपीवर एल उलटा करून ठेवलाय तो कुठलं अक्षर आहे ते कुणाला कळत नाही. जपानीत मात्र चांगलंय, वारुइ अधिक लुईजी, आणि अक्षरं फिरवली की 'इजिवारु' होतं, म्हणजे खवचट, त्रास देणारा. बिचाऱ्याचं नाव जपानी कानाला मस्त आणि बाकी जगाला नुसता वा.

बाकी मंडळींची नावं?

पटापट सांगतो. पॉलिन, म्हणजे डॉन्की काँगने उचलून नेलेली पहिली बाई, जपानमध्ये तिला नुसतं लेडी म्हणायचे, अमेरिकेत नाव दिलं ते डॉन जेम्सच्या बायकोवरून, ती पॉली. म्हणजे घरमालक आणि मॅनेजरची बायको, संपलं बारसं. पीच जपानमध्ये पहिल्यापासून पीच, अमेरिकेत बरीच वर्षं प्रिन्सेस टोडस्टूल म्हणजे अळंबी राजकुमारी, १९९६ च्या सुपर मारिओ ६४ नंतर पीच हेच सगळीकडे रुळलं. अळंबीसारख्या डोक्याचा टोड, त्याचं जपानी नाव किनोपिओ, किनोको म्हणजे अळंबी, त्यात पिनोकिओची शेपूट.

मोठा व्हिलन बाऊझर, जपानीत कुप्पा. हे कोरियन जेवणावरून, गुकबाप म्हणजे सूपमध्ये घातलेला भात, त्याचा जपानी उच्चार कुप्पा. मियामोतोच्या यादीत दुसरी कोरियन पदार्थांचीच नावं होती, युक्के आणि बिबिम्बा. म्हणजे जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध गेम व्हिलनचं नाव साधारण आपल्या पेजेसारखं काहीतरी आहे. पेजासुर! पोरं घाबरतील की सोबत लोणचं मागतील?

आणि गोव्याच्या लोकांसाठी खास, ते पांढरं गोल भूत असतं ना, आपण तोंड वळवलं की मागे लागतं आणि बघितलं की लाजून तोंड झाकतं, त्याचं जपानी नाव तेरेसा. 'तेरेरु' म्हणजे लाजणे, त्यावरून. आपल्याकडच्या तेरेसांना हे सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

डॉन्की काँगमध्ये गाढव कुठे आहे?

नाहीच आहे. मियामोतोला हट्टी, बिनडोक गोरिला असं नाव हवं होतं, काँग म्हटलं की माकड कळतं हे ठीक, हट्टीसाठी त्याने डॉन्की घेतलं. अमेरिकेतल्या लोकांनी डोक्याला हात लावला, पण मियामोतो हलला नाही.

त्या काँगपायी मात्र कोर्टात जावं लागलं. युनिव्हर्सल स्टुडिओने १९८२ ला दावा केला की काँग आमचा. निन्टेंडोचे वकील होते जॉन कर्बी, त्यांनी दाखवून दिलं की किंग काँग कुणाच्याच मालकीचा नाही असं याच स्टुडिओने आधीच्या एका केसमध्ये स्वतःच म्हटलं होतं. निन्टेंडो जिंकली. वकीलसाहेबांना कंपनीने एक शिडाची बोट भेट दिली, बोटीचं नाव डॉन्की काँग, आणि शिडाच्या बोटींवर ते नाव वापरायचा जगभरचा हक्कही दिला! मांडवीत कुणी त्या नावाची बोट घालणार असाल तर आधी वकील गाठा. पुढे १९९२ ला गुलाबी गोळ्यासारखा कर्बी आला, आधी त्याचं कामचलाऊ नाव पोपोपो होतं, मग नावांच्या यादीतून कर्बी निवडलं आणि त्यात वकीलसाहेबांची आठवण होती असं मानतात. घरमालक झाला, आता वकील. सीए तेवढा राहिलाय.

उच्चार काय करायचा, मारिओ, मारियो की मॅरिओ?

मॅरिओ हा इंग्रजी वळणाचा उच्चार, आपण का करायचा कळत नाही. गेममध्ये तो स्वतः मारिओच म्हणतो, १९९६ पासून तर कानीकपाळी ओरडून, तो आवाज चार्ल्स मार्टिने यांचा, २०२३ पर्यंत तेच होते. लिहिताना मारिओ किंवा मारियो, दोन्ही चालतं.

१० मार्चला मारिओ डे का? वाढदिवस का त्याचा?

वाढदिवस नाही. इंग्रजीत मार्चची पहिली तीन अक्षरं लिहा, पुढे आकड्यात दहा लिहा, एकाचा आय दिसतो आणि शून्याचा ओ. चाहत्यांनी काढलेली गंमत, मग कंपनीने उचलली. वाढदिवसासारखा काही धरायचा तर गेमचा धरा, सुपर मारिओ ब्रदर्स जपानमध्ये १३ सप्टेंबर १९८५ ला आला.

मुलाचं नाव मारिओ ठेवायचंय, शाळेत चिडवतील का?

मुंबईत कदाचित. मडगावात कोण चिडवणार, चिडवणाऱ्याच्याच घरात एक अंकल मारिओ असेल. लुईस तर बिनधास्त ठेवा. वालुईजी मात्र नको.